एलईडीच्या प्रकाशातला क्वांटम नॉइज खरंच कमी करता येतो का?

काजवा२ | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मला एका साध्या इन्फ्रारेड एलईडीच्या प्रकाशाचा नॉइज शॉट नॉइजच्या (फोटॉन एकेक करून कसेही येतात त्यामुळे होणाऱ्या चढउताराच्या) खाली न्यायचाय. आमचे गाइड म्हणतात असं होत नाही, शॉट नॉइज हा निसर्गाचा तळ आहे, त्याच्याखाली जायचं तर मोठं टेबल, नॉनलिनिअर क्रिस्टल आणि भारी लेसर पाहिजे. पण मी वाचलंय की १९८७ साली टॅप्स्टर, रॅरिटी आणि सॅचेल यांनी नुसत्या एलईडीनं हे केलं, एलईडीला शांत करंट दिला की प्रकाशही शांत होतो म्हणे. मग मीही जुळणी केली. एलईडीत ५ मिलिअँपिअर, समोर चिकटवून मोठा सिलिकॉन फोटोडायोड, त्यातून ०.६ मिलिअँपिअर मिळतो. एलईडीला लॅबचा पॉवर सप्लाय आणि सिरीजमध्ये १० ओहम. नॉइज १ मेगाहर्ट्झला बघतो, आणि तुलनेला टॉर्चच्या फिलामेंटचा बल्ब त्याच फोटोडायोडवर, साधारण तेवढाच करंट येईल असा लांब धरून.

निकाल: शून्य. एलईडीची रेषा बल्बच्या रेषेवर, उलट केसभर वरच. म्हणजे गाइड बरोबर आणि मी मूर्ख, की जुळणीत काहीतरी चुकतंय?

कुंपणावरचा | सोमवार, रात्री ९.२०

रुमाल टाकून ठेवतो. विषय डोक्यावरून गेला पण भांडण होणार हे नक्की.

गणिती पोपट | सोमवार, रात्री ९.५५

गाइड अर्धे बरोबर आहेत. बल्ब, साधा लेसर, सूर्य यांच्या बाबतीत शॉट नॉइज हा तळच आहे. फोटॉन एकमेकांना न विचारता येतात, पत्र्यावर पाऊस पडतो तसे, त्यामुळे एखाद्या वेळात सरासरी १०,००० येणार असतील तर प्रत्यक्ष आकडा १०० नं इकडेतिकडे होतो. व्हेरियन्स (या इकडेतिकडेचा वर्ग) सरासरीइतका, याला पॉइसों वितरण म्हणतात. व्हेरियन्स भागिले सरासरी याला फॅनो फॅक्टर म्हणतात, पॉइसोंला तो १.

पण एलईडीत गंमत अशी की आत एक इलेक्ट्रॉन गेला तर बाहेर जास्तीत जास्त एकच फोटॉन येतो. आता इलेक्ट्रॉनच शिस्तीत रांगेनं पाठवले तर? समज दर मायक्रोसेकंदाला बरोबर १०० इलेक्ट्रॉन आत जातायत, ना एक कमी ना एक जास्त. तुझ्याकडे ५ मधले ०.६, म्हणजे शेकडा १२ इलेक्ट्रॉनच शेवटी फोटोडायोडमध्ये मोजले जातात. प्रत्येकासाठी निसर्ग एक वाकडं नाणं उडवतो, १२ टक्के छाप, ८८ टक्के काटा. सरासरी १२ येणार, आणि व्हेरियन्स १२ गुणिले ०.८८ म्हणजे १०.५६. पॉइसों असता तर १२ असता. म्हणून फॅनो फॅक्टर ०.८८, म्हणजे डेसिबलमध्ये उणे ०.५५. जास्तीत जास्त एवढंच मिळेल तुला, आणि तेही इलेक्ट्रॉनची रांग अगदी सरळ असेल तर.

नियम सोपा आहे, शांत करंट दिला तर फॅनो फॅक्टर म्हणजे एक वजा एकूण कार्यक्षमता. ५० टक्के पोचले तर ३ डेसिबल. १२ टक्के पोचले तर अर्धा डेसिबल आणि वर थोडी चिल्लर.

डेसिबलदास | सोमवार, रात्री १०.४१

पोपटरावांना +१. पण रांग सरळ आहे का हाच तर प्रश्न आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. काजवा, १० ओहम??? अरे ५ मिलिअँपिअर गुणिले १० ओहम म्हणजे ५० मिलिव्होल्ट, आणि हा आकडा बघून माझ्या अंगावर काटा आला.

हिशोब बघ. ५ मिलिअँपिअरचा शॉट नॉइज ४० पिकोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ. १० ओहमच्या रेझिस्टरचा स्वतःचा थर्मल नॉइज, खोलीच्या तापमानाला, ४१ पिकोअँपिअर. म्हणजे तुझा रेझिस्टरच शॉट नॉइजएवढा बडबडतोय. कुठलाही रेझिस्टर घे, त्यावर पडणारा व्होल्टेज ५२ मिलिव्होल्टच्या वर गेला की त्याचा नॉइज शॉट नॉइजच्या खाली जायला लागतो, आणि जितका वर तितका खाली. हे ५२ म्हणजे केटी बाय ई (उष्णतेची ऊर्जा भागिले इलेक्ट्रॉनचा चार्ज) च्या दुप्पट, बाकी काही जादू नाही. रेझिस्टरवर १० व्होल्ट पाडलेस की थर्मल नॉइज शॉट नॉइजच्या अर्धा टक्का उरतो. झालं, रांग सरळ.

काजवा२ | सोमवार, रात्री १०.५०

थांबा थांबा, रेझिस्टरमधून पण इलेक्ट्रॉनच जातात ना एकेक करून, मग त्याला शॉट नॉइज का नाही? मला वाटायचं करंट म्हटला की शॉट नॉइज आलाच.

जुना सोल्डर | सोमवार, रात्री ११.३०

हा गैरसमज चाळीस वर्षं ऐकतोय. शॉटकीनं १९१८ साली जे सूत्र मांडलं ते व्हॅक्यूम ट्यूबसाठी, जिथे इलेक्ट्रॉन तापलेल्या कॅथोडवरून आपापल्या मर्जीनं उड्या मारतात. एकाच्या उडीचा दुसऱ्याला पत्ता नाही, म्हणून पॉइसों. मेटल फिल्मच्या रेझिस्टरमध्ये इलेक्ट्रॉनची खच्चून गर्दी असते, ते एकमेकांना ढकलतात आणि जाळीच्या कंपनांवर इतक्यांदा आपटतात की शॉट नॉइज सरासरीत मरून जातो. उरतो फक्त थर्मल. म्हणून आम्ही लो नॉइजच्या सर्किटमध्ये करंट सोर्स म्हणजे काय, तर लांबलचक व्होल्टेज आणि मोठा रेझिस्टर, असंच करायचो. ट्रान्झिस्टर लावून शहाणपणा केला की त्याच्या जंक्शनचा शॉट नॉइज घुसतो, एमिटरमध्ये रेझिस्टर टाकून दाबला नाही तर.

आणि व्हॅक्यूम ट्यूबमध्येसुद्धा सगळंच पॉइसों नव्हतं बरं का. कॅथोडपाशी इलेक्ट्रॉनचा ढग साचतो, तो मागच्यांना दाबून धरतो, ज्याला स्पेस चार्ज म्हणायचे, त्यात नॉइज शॉटकीच्या आकड्यापेक्षा बराच खाली असायचा. रेडिओवाल्यांना हे फोटॉनवाल्यांच्या किती आधीपासून माहीत! १९८५ मध्ये टाइश आणि सालेह यांनी तीच युक्ती वापरली, असा शांत केलेला इलेक्ट्रॉनचा झोत पाऱ्याच्या वाफेवर सोडला, आणि त्यातून निघणारा २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश पॉइसोंच्या खाली गेलेला दाखवला. घट अगदी नखाएवढी होती, कारण फोटॉन गोळा करताना बहुतेक सांडत होते. पण कल्पना तीच, प्रकाशाला हात लावू नका, त्याला जन्म देणाऱ्याला शिस्त लावा.

कुंपणावरचा | सोमवार, रात्री ११.३४

पालकसभेत म्हणतात तसं.

मीटरवाली | मंगळवार, सकाळी ७.०५

सोल्डरकाकांशी सहमत, पण काजवाच्या सर्किटमध्ये रेझिस्टर हा दुय्यम गुन्हेगार आहे, मुख्य म्हणजे पॉवर सप्लाय. एलईडी ५ मिलिअँपिअरला स्वतः फक्त पाचेक ओहम दाखवते, त्यात १० मिळवले की १५. ४० पिकोअँपिअर गुणिले १५ म्हणजे ०.६ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. १ मेगाहर्ट्झला तुमचा लॅबचा सप्लाय याच्यापेक्षा शांत आहे? स्वप्नातसुद्धा नाही. म्हणून रेषा केसभर वर गेली असणार. तेच २.२ किलोओहम लावलात तर सप्लायला ८८ नॅनोव्होल्टपर्यंत मुभा मिळते. तरीही सप्लाय काढून बॅटऱ्या लावा, १२ व्होल्ट, आणि सगळं पत्र्याच्या डब्यात झाकण लावून बंद करा. १ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ स्टेशनं असतात, मी एकदा तीन दिवस ज्याला क्वांटम परिणाम समजून वहीत लिहीत होते तो बातम्यांचा कार्यक्रम निघाला.

चक्रम | मंगळवार, सकाळी ८.१५

बातम्यांत नॉइजच असतो, मापन बरोबरच होतं की. हलके घ्या.

विरोधी सूर | मंगळवार, सकाळी १०.२२

सगळे मान डोलावतायत म्हणून मी काडी टाकतो. यात क्वांटम काय आहे? करंट शांत केला, प्रकाश शांत झाला. ही तर साधी इलेक्ट्रॉनिक्स झाली. शॉट नॉइज फोटोडायोडमध्ये तयार होतो, प्रकाश म्हणजे एक सलग लाट, डिटेक्टर तिचे तुकडे करतो. तुमचा सगळा ‘फोटॉन रांगेत येतात’ प्रकार ही भाषेची करामत आहे.

गणिती पोपट | मंगळवार, सकाळी ११.४०

काडी चांगली आहे, पण ती तुमच्याच हातात पेटते. समजा प्रकाश सलग लाट आहे आणि डिटेक्टर आपल्या मर्जीनं टिक टिक करतो. लाट अगदी, अगदी स्थिर असली, इतकुसाही चढउतार नाही, तरी टिकटिक पॉइसोंच येणार, कारण यदृच्छा डिटेक्टरमध्ये आहे. लाटेत चढउतार असतील तर नॉइज वाढेल. कमी होण्याचा रस्ताच नाही. म्हणजे लाटवाल्या चित्रात पॉइसों हा खरोखरच तळ आहे. आता कोणी ०.५ डेसिबल खाली मोजून दाखवला की ते चित्र गेलं. कारण डिटेक्टर जर स्वतःची यदृच्छा घालत असता तर प्रत्येक प्रकाशाला सारखीच घातली असती.

म्हणूनच एलईडीचा हा प्रयोग मला फार आवडतो. क्रिस्टल नाही, लेसर नाही, प्रकाश तर कोहेरंटसुद्धा नाही, हजारो मोडमध्ये विखुरलेला, आणि तरीही लाटेच्या भाषेत सांगता न येणारा.

विरोधी सूर | मंगळवार, दुपारी १२.०५

बरं. हे ‘लाटवाल्या चित्रात कमी होण्याचा रस्ताच नाही’ माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग दुसरा प्रश्न, एवढी मारामारी कशाला? बाहेर आलेल्या प्रकाशातून अर्धा बाजूला काढा, मोजा, वाढला तर करंट कमी करा, घटला तर वाढवा. बाजारात नॉइज ईटर मिळतातच की. त्यानं शून्य करून टाका.

डेसिबलदास | मंगळवार, दुपारी १२.३०

नाही होत, आणि का नाही होत हे फार मजेशीर आहे. बीम स्प्लिटरवर प्रत्येक फोटॉनसाठी पुन्हा नाणं उडतं, इकडे की तिकडे. समजा योगायोगानं जास्त फोटॉन तुमच्या मोजणाऱ्या बाजूला गेले. तुमच्या सर्किटला वाटतं प्रकाश वाढला, ते करंट कमी करतं. पण दुसऱ्या बाजूला तर त्याच क्षणी कमी फोटॉन गेलेत, आणि वर तुम्ही आणखी कमी केलेत! म्हणजे फीडबॅकच्या आतला डिटेक्टर खूष, त्याचा नॉइज शॉट नॉइजच्या कितीही खाली दिसेल, आणि बाहेर वापरायला जो प्रकाश मिळतो तो शॉट नॉइजच्या वर. त्या आतल्या घटीला लोक स्क्वीझिंग (नॉइज खरोखर शॉट नॉइजच्या खाली दाबणं) न म्हणता स्क्वॉशिंग म्हणतात, चेष्टेत.

नॉइज ईटर लेसरचा तांत्रिक खडखडाट कमी करायला उत्तम. शॉट नॉइजच्या खाली नाही.

मीटरवाली | मंगळवार, दुपारी १.१०

आणि इथेच इलेक्ट्रॉनचा फायदा कळतो. करंट मोजायला त्यातले इलेक्ट्रॉन बाहेर काढावे लागत नाहीत, रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघितला की झालं. फोटॉन मोजायचा म्हणजे गिळायचा.

अनामिक पतंग | मंगळवार, दुपारी ३.४८

माझा अडाणी प्रश्न. बाहेर रेझिस्टरनं करंट शांत केला हे समजलं. पण जंक्शनच्या आत इलेक्ट्रॉन बॅरियर ओलांडतात ते तर उष्णतेनं, आपल्या मर्जीनंच ना? रेझिस्टरला काय पडलंय आत कोण कधी उडी मारतो त्याचं?

गणिती पोपट | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

अडाणी कुठला, या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे हा.

जंक्शन हा एक कपॅसिटर पण आहे. एक इलेक्ट्रॉन पलीकडे गेला की जंक्शनचा व्होल्टेज थोडासा उतरतो, आणि व्होल्टेज उतरला की पुढच्याची उडी मारायची शक्यता जराशी कमी होते. १०० पिकोफॅरड धरले तर एका इलेक्ट्रॉननं १.६ नॅनोव्होल्टचा फरक, म्हणजे काहीच नाही. पण योगायोगानं दीड कोटी जास्त गेले तर व्होल्टेज केटी बाय ई एवढा, सुमारे २६ मिलिव्होल्ट, उतरेल आणि दर एकदम पडेल. बॅटरी थेट जोडली असती तर तिनं तो खड्डा लगेच भरून काढला असता, ‘घ्या अजून घ्या’ म्हणून. मोठा रेझिस्टर भरू देत नाही. त्यामुळे जास्त गेले की पुढचे आपोआप थबकतात, कमी गेले की व्होल्टेज साचून पुढचे घाई करतात. एकेकटा इलेक्ट्रॉन मनमौजी, पण कोट्यवधींची टोळी वक्तशीर.

हे सगळं जंक्शनचा पाच ओहम गुणिले १०० पिकोफॅरड, म्हणजे अर्ध्या नॅनोसेकंदात घडतं. त्याहून सावकाश काळात बघितलं तर रांग सरळ. यामामोतोंच्या गटानं १९९५ मध्ये याला मॅक्रोस्कोपिक कूलॉम ब्लॉकेड असं नाव दिलं. आणि कपॅसिटन्स इतका लहान केला की एका इलेक्ट्रॉननंच रस्ता अडेल, तर एक इलेक्ट्रॉन आत एक फोटॉन बाहेर असं फिरतं फाटक तयार होतं, तेही १९९९ मध्ये करून दाखवलं, अर्थात अतिशय थंड तापमानाला.

अनामिक पतंग | मंगळवार, संध्याकाळी ६.४१

‘एकेकटा मनमौजी पण टोळी वक्तशीर’, हे वहीत लिहून ठेवलं. दंडवत.

चक्रम | मंगळवार, संध्याकाळी ७.००

आमच्या ऑफिसात बरोब्बर उलट आहे.

वेलांटी | मंगळवार, रात्री ८.१५

अवांतर: नॉइजला मराठीत काय म्हणायचं? गोंगाट म्हटलं की लग्नाचं कार्यालय आठवतं, रव म्हटलं की कविता. मला ‘खरखर’ आवडतो, रेडिओची असते तशी.

जुना सोल्डर | मंगळवार, रात्री ८.३०

खरखर चालेल. पण ‘शॉट खरखर’ म्हणताना घसा खवखवतो.

कुंपणावरचा | मंगळवार, रात्री ९.०२

रच्याकने, ग्रॅव्हिटेशनल वेव्ह पकडणारे लायगोवाले स्क्वीझ्ड लाइट वापरतात म्हणे. मग त्यांनी पण बॅटरी आणि रेझिस्टर लावून टाकायचा की.

डेसिबलदास | मंगळवार, रात्री ९.४०

लायगोत २०१९ पासून नियमित वापरतायत, पण ती वेगळी चीज आहे. तिथे क्रिस्टलमधून स्क्वीझ्ड व्हॅक्यूम तयार करून इंटरफेरोमीटरच्या रिकाम्या तोंडातून आत सोडतात. त्यात दिशा महत्त्वाची, फेज की ॲम्प्लिट्यूड, आणि एका दिशेला घटलं की दुसऱ्या दिशेला वाढणारच, पण त्यांना कोणती दिशा दाबायची ते निवडता येतं. आपल्या एलईडीला तर फेज म्हणजे काय तेच माहीत नाही, फक्त डोकी मोजली तर आकडा स्थिर. लेसर डायोडचं म्हणाल तर तिथे ॲम्प्लिट्यूड शांत होतो पण फेजचा नॉइज लागतो त्याहून कितीतरी जास्त असतो. इंटरफेरोमीटरला त्याचा उपयोग नाही. शोषण मोजायचं असेल, एखादा नमुना प्रकाश किती गिळतो ते, तिथे उपयोग आहे.

काजवा२ | मंगळवार, रात्री १०.१५

तुम्ही लोकांनी झोप उडवली. मीटरवाली ताईंचं ऐकून बॅटऱ्या आणि २.२ किलोओहम लावले, डबा पण केला. ४.८ मिलिअँपिअर येतोय, फोटोडायोडला ०.५८. उद्या मोजतो.

दरम्यान एक आयडिया, दहा एलईडी सिरीजमध्ये लावून सगळा प्रकाश एकाच डिटेक्टरवर टाकला तर? दहापट प्रकाश, मग घटही दहापट?

गणिती पोपट | मंगळवार, रात्री १०.३१

नाही रे. नाणं प्रत्येक फोटॉनसाठी वेगळं उडतं. प्रत्येक एलईडीचे १२ टक्केच पोचत असतील तर दहांचा मिळूनही फॅनो फॅक्टर ०.८८. मोजायला सिग्नल मोठा मिळेल एवढंच.

सिरीजऐवजी पॅरलल लावलेस तर मात्र मजा आहे. एकूण करंट शांत, पण कुठल्या फांदीत कोण जाईल ते यदृच्छा, म्हणून एकेकट्या एलईडीचा प्रकाश जवळजवळ शॉट नॉइजवाला आणि सगळ्यांची बेरीज शांत. एकीत जास्त तर दुसरीत कमी. सख्ख्या भावांची वाटणी.

मीटरवाली | बुधवार, सकाळी ६.५०

मोजण्याआधी माझं ऐका, कारण इथेच सगळे फसतात, मी दोनदा फसलेय.

पहिलं, अर्धा डेसिबल शोधताय तर एकदा झाडू फिरवून रेषा बघून चालणार नाही. नॉइजच्या मापनालाही नॉइज असतो. १०,००० स्वतंत्र नोंदींची सरासरी घेतलीत तर अनिश्चितता १ टक्का, म्हणजे ०.०४ डेसिबल.

दुसरं, ‘साधारण तेवढाच करंट’ हा काजवा२ यांनी पहिल्याच पोस्टमध्ये वापरलेला शब्दप्रयोग मला तेव्हापासून टोचतोय. शॉट नॉइजची पॉवर करंटच्या प्रमाणात वाढते. बल्बचा करंट ५ टक्के कमी असेल तर तुमची संदर्भरेषाच ०.२२ डेसिबल खाली बसली, तुमची निम्मी घट तिथेच गिळली गेली. तीन आकड्यांपर्यंत जुळवा.

तिसरं, बल्ब आणि एलईडी डायोडच्या वेगवेगळ्या भागावर पडत असतील, किंवा एका बारक्या ठिपक्यात प्रकाश एकवटला असेल तर तिथे डायोड दबतो, आणि दबलेला डायोड नॉइज कमी दाखवतो. खोटं स्क्वीझिंग! त्याची खूण अशी की एलईडी आणि डायोडच्या मध्ये निम्मा प्रकाश अडवणारा फिल्टर ठेवा. खरी घट असेल तर डेसिबलमध्ये जवळपास निम्मी व्हायला हवी, नियमानं. प्रत्येक गळती फोटॉनची रांग विस्कटते, विस्कटून विस्कटून शेवटी पॉइसों. फिल्टर लावून ती नियमात बसली नाही तर पार्टीचे फुगे फोडून टाका.

जुना सोल्डर | बुधवार, सकाळी ९.१०

या बाईंच्या हाताखाली काम करायला हवं होतं.

एक भर. फार वरच्या फ्रिक्वेन्सीला जाऊ नकोस. चांगल्या कार्यक्षमतेच्या एलईडी आळशी असतात, इलेक्ट्रॉन आत शिरल्यावर फोटॉन व्हायला पन्नासेक नॅनोसेकंद सहज घेतात आणि त्यातला उशीर प्रत्येकाचा वेगळा. त्या काळाच्या आतल्या घडामोडीत रांगेचा काही मागमूस उरत नाही. फार खालीही नको, तिथे वन बाय एफ (फ्रिक्वेन्सी कमी तसा वाढणारा नॉइज) बसलेला असतो. काही शे किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ, एवढीच खिडकी.

अनामिक पतंग | बुधवार, सकाळी १०.३०

पण ८८ टक्के जातात कुठे? एवढी गळती?

डेसिबलदास | बुधवार, सकाळी ११.००

गॅलियम आर्सेनाइडचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स ३.५ च्या आसपास. आतून बाहेर यायला प्रकाशाला पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण १६.६ अंशाच्या शंकूतच यावं लागतं, नाहीतर टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन होऊन परत आत. सपाट चिपच्या एका बाजूनं बघितलं तर सगळ्या दिशांपैकी फक्त २ टक्के! मग गोल भिंग लावा, खाली आरसा करा, शोषणारा थर काढून टाका, पुन्हापुन्हा आत फिरू द्या, असे उपद्व्याप करून काही पट वाढवतात. उजेडासाठी एलईडी बनवणाऱ्यांनी यात जी मेहनत घेतली तिचा फुकटचा फायदा क्वांटमवाल्यांना. काजवाला १२ मिळाले म्हणजे त्याचा एलईडी चांगल्या घरचा आहे.

लेसर डायोडमध्ये हा शंकूचा त्रास नाही, थ्रेशोल्डच्या (ज्या करंटला लेसर पेटतो त्याच्या) वर गेल्यावर जवळपास प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन एकाच झोतात फोटॉन टाकतो. म्हणून माचिदा, यामामोतो आणि इताया यांनी १९८७ मध्येच स्थिर करंटवर चालणाऱ्या लेसर डायोडमधून हे दाखवलं, आणि १९९१ मध्ये रिचर्डसन, माचिदा, यामामोतो यांनी ६६ केल्विनला थंड करून, डिटेक्टरची गळती हिशोबात धरून, ८.३ डेसिबल. म्हणजे नॉइजचा ८५ टक्के भाग गायब.

विरोधी सूर | बुधवार, दुपारी १२.२०

मग सगळे लेसर डायोड असे का नसतात? मी मोजलेत, शॉट नॉइजच्या वरच असतात.

डेसिबलदास | बुधवार, दुपारी १.०५

बरोबर मोजलेत. एक तर थ्रेशोल्डजवळ लेसर प्रचंड खरखरतो (वेलांटी, तुमच्यासाठी), बराच वर चालवावा लागतो. दुसरं कारण फसवं आहे. मुख्य मोडच्या आजूबाजूला बारीक बारीक साइड मोड असतात, पॉवरमध्ये नगण्य, पण त्यांचा आणि मुख्य मोडचा नॉइज एकमेकांविरुद्ध चालतो. एकीकडे मोठी उसळी, दुसरीकडे तेवढाच खड्डा, बेरीज शांत. मारिन वगैरे मंडळींनी १९९५ मध्ये हे मोड वेगवेगळे मोजून दाखवलं. वाटेत एखाद्या भिंगानं किंवा फिल्टरनं साइड मोड थोडे कापले की हिशोब कोलमडतो. तिथे ग्रेटिंगनं बाहेरून फीडबॅक देऊन किंवा दुसऱ्या लेसरनं इंजेक्शन लॉक करून ते मोड दाबतात. एलईडी बिचारी गरीब, पण कटकट नाही.

काजवा२ | गुरुवार, रात्री ११.४८

मंडळी!!!

आधी वाईट बातमी. बॅटरी, २.२ किलोओहम, डबा, सरासरी सगळं करून काल पहिलं मोजलं तर एलईडी बल्बच्या ०.३ डेसिबल खाली. नाचलो. मग ताईंची पोस्ट परत वाचली, बल्बचा करंट नीट बघितला, तर ०.५५. एलईडीचा ०.५८. साधारण तेवढाच! आज बल्ब सरकवून सरकवून ०.५८० ला आणला, मधे कागद ठेवून प्रकाश पसरवला. आता फरक ०.५० डेसिबल, धरा ०.०५ इकडेतिकडे. पोपटरावांच्या ०.५५ च्या किंचित आत, उरलेलं बहुधा एलईडीच्या आळसाचं आणि माझ्या प्रीॲम्पच्या थर्मल नॉइजचं. त्यात २ किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर आहे, त्याचाच शॉट नॉइजच्या ४ टक्के होतो.

मग निम्मा प्रकाश अडवणारा फिल्टर. बल्ब परत नव्यानं ०.२९० ला जुळवला. फरक पाव डेसिबल. नियमात!! आणि शेवटी मुद्दाम २.२ किलोओहम काढून जुने १० ओहम आणि सप्लाय लावला, प्रकाश तेवढाच, करंट तेवढाच, आणि रेषा परत वर. बदल फक्त रेझिस्टर आणि सप्लायचा.

गाइडना दाखवलं. ते दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले फिल्टर परत लाव. चार वेळा लावायला लावला.

मीटरवाली | शुक्रवार, सकाळी ६.४०

मीही पाचव्यांदा लावायला सांगणार होते. अभिनंदन. प्रीॲम्पचा नॉइज अंधारात मोजून दोन्हीतून वजा केलात का?

काजवा२ | शुक्रवार, सकाळी ७.३०

नाही. आज करतो.

विरोधी सूर | शुक्रवार, सकाळी ९.१५

मी हरलो असं समजू नका, पण माझ्याकडे एक जुना एलईडी आणि चार बॅटऱ्या आहेत. फोटोडायोड किती मोठा घ्यावा लागेल?

कुंपणावरचा | शुक्रवार, सकाळी ९.२१

मी उगाच भांडणाची वाट बघत बसलो.

काजवा२ | शुक्रवार, रात्री १०.०२

विरोधी सूर, एलईडीच्या भिंगाच्या निदान दुप्पट व्यासाचा घ्या आणि अगदी टेकवून लावा, मिलिमीटरभर फट पडली की टक्का घसरतो. अंधाराचा नॉइज वजा केला, ०.५२ झाला. आता एलईडी थंड करून बघायचाय, थंडीत कार्यक्षमता वाढते असं वाचलंय, पण ओल धरून भिंगावर दव बसेल. त्यासाठी नवा धागा काढू का इथेच विचारू?